मूळबाधा

आपल्या माणसाच्या थडग्याजवळ कुणी आकाशिया लावत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाइन लावतील, चेस्टनट लावतील, काहीच नाही तर नुसतं गवत राखतील. आकाशियाची मुळं मात्र मेलेल्याला निजू देत नाहीत. आणि माझ्या सासूबाईंनी थडग्याजवळ नव्हे, नवऱ्याच्या ऐन छातीवर आकाशियाचं रान उठवलं होतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. सोयरीक जुळवणारीने घर सांगितलं, बकऱ्या सांगितल्या, मधाच्या पेट्या सांगितल्या, विधवा सासू कमी बोलते हेही गुण म्हणून सांगितलं. पहिल्या छुसकला, म्हणजे शरदात पूर्वजांना जेवू घालायच्या सणाला, सगळा गाव विळे घेऊन आपापल्या टेकडीवर गेला. प्रत्येकाच्या थडग्याचा गोल उंचवटा, त्यावरचं गवत पोराचे केस कापावेत तसं नीट कापलेलं. आम्ही तिघं मात्र काट्यांत शिरलो. पुढे विळा मारत माझा नवरा ग्यु-तेक, मागे सासूबाई, आणि त्यांच्या मागे नव्या कपड्यांतली मी. रानाच्या मध्यावर एका सपाट जागी सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे."

मला उंचवटा दिसेना.

"आई, थडगं कुठंय?"

"खचलं," त्या म्हणाल्या. "वाक."

मी वाकले. गुडघ्यात काटा घुसला, तो घरी येऊन सुईने काढला. सासूबाईंनी तांदळाची दारू एका जागी न ओतता, शेतात बी फेकावं तशी चहूकडे शिंपडली. मी मनात म्हटलं, या बाईला मेलेल्याला धड पाजायचीही रीत नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला येत होतं.

त्या रानावर आमचं घर चालत होतं, हेही तितकंच खरं. युद्धानंतर आमच्या टेकड्या बोडक्या झाल्या होत्या. जळणासाठी लोकांनी झाडं तर तोडलीच, मग बुंधे उपटले, मुळं खणली, शेवटी गवतसुद्धा खरवडून नेलं. पावसाळ्यात तांबडा चिखल खालच्या भातात उतरायचा. मग सरकारने माती अडवायचं काम काढलं. दिवसभर राबायचं, त्याबदली गव्हाचं पीठ, आणि लावायला आकाशियाची रोपं. सासूबाई त्या कामावर होत्या. जिथे गवताचं पातं तग धरत नव्हतं तिथे आकाशियाने जीव धरला. मी आले तोवर टेकडीवरच्या घळी बुजल्या होत्या. रानाच्या पायथ्याशी आमची मिरची अशी यायची की लोक विचारायचे, खताची पोती आणता कुठून? पोती कसली? हे झाड हवा खाऊन खत करतं. मूळ उपसलं की त्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. नखाने फोडली की आतून गुलाबी, कच्च्या मांसासारखी. पाला बकऱ्यांना, लेंड्या बार्लीला, फांद्या चुलीला. आणि मेच्या मध्यावर सगळं रान पांढरं व्हायचं, तेव्हा पाण्यासारखा स्वच्छ मध मिळायचा. त्या मधावर आमचं वर्ष निघायचं.

पण देणारं झाड घेतंही. त्या रानात दुसरं काही टिकलं नाही. सासूबाईंच्या तरुणपणी टेकडीवर वसंतात गुलाबी अझेलिया फुलायचा, पाइनखाली अळंबी मिळायची, ते सगळं गेलं. माती नको इतकी माजली आणि तिच्यात वेली आणि तण माजलं. पावसात वरून उतरणाऱ्या पाण्याने खालच्या तळ्यात हिरवं शेवाळ धरू लागलं. आणि मुळं! ती जमिनीखालून चालतात. एक झाड कापलं की भोवती दहा कोंब. शेजारचं शेत माझ्या चुलतसासऱ्यांचं, मान-दोल काकांचं. त्यांच्या तिळात दरवर्षी आमचे कोंब उगवायचे. काका बांधावर उभे राहून हाका मारायचे, "वहिनी, तुझी पिलावळ आवर. नवऱ्याला गिळलंन्, आता माझे तीळ गिळतेय."

सासूबाई विळा घेऊन जायच्या, कोंब छाटायच्या, परत यायच्या. 

हिवाळ्यात त्या झाडांना वाळक्या शेंगा राहतात. वारा सुटला की त्या खुळखुळतात. बाहेर धुणं वाळत घालताना मला वाटायचं, वरती बरीच माणसं हळू आवाजात काही ठरवताहेत. एकदा मी हे हसत हसत सासूबाईंना सांगितलं. त्या मुळा चिरत होत्या. सुरी थांबली.

"ऐकू नकोस," त्या म्हणाल्या. "आपल्याला उत्तर देता येत नाही."

त्यानंतर मी धुणं घराच्या दुसऱ्या बाजूला घालू लागले.

ग्यु-तेकला वडील आठवत नव्हते. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हा तो रांगत होता. कसे गेले असं विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "वाटेत आजारी पडून." कुठली वाट, कसला आजार, हे विचारायची सोय नव्हती. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचीही नव्हती. त्या वर्षाचं नाव निघालं की सगळ्यांना एकदम गुरांना पाणी पाजायची आठवण व्हायची.

चाळिशी ओलांडल्यावर ग्यु-तेकच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी तो मधाच्या पेटीचं झाकण पेटीवर ठेवायला जायचा आणि शेजारी ठेवायचा. मग एक दिवस डाव्या बाजूने आलेल्या बकरीला अडखळून पडला. मी हसले, तो नाही हसला. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याची शीर वाळली आहे, तो गेलाच, उजव्याची वाळायला लागली आहे. थेंब दिले. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, किती दिवस ते सांगता येत नाही.

त्याच सुमारास त्याला स्वप्न पडू लागलं. दुपारी जरा पडला तरी दचकून उठायचा. स्वप्नात वडील यायचे. वडिलांचा फोटो घरात नव्हता, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसती मुळं, आणि दोन्ही डोळ्यांतून बाहेर आलेले कोंब, पांढऱ्या फुलांनी डवरलेले. काही बोलायचे नाहीत. नुसतं खाली वाकून त्याच्या तोंडाकडे बघायचे, ओळख पटते का ते पाहिल्यासारखं.

"त्यांना माझीही ओळख नाही गं," तो मला म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मला त्या मेलेल्या माणसाचा फार राग आला.

काकांच्या कानावर हे गेलं आणि ते दुसऱ्याच दिवशी नो गुरुजींना घेऊन आले. नो गुरुजी थडग्यांच्या जागा बघायचे. डोंगराची पाठ कुठे वळते, पाणी कुठून फिरतं, मेलेल्याला कुठे झोप लागेल, हे सांगायचे. पांढरी दाढी, पायांत मात्र भारी कंपनीचे खेळाचे बूट. मी बूटच बघत राहिले. गुरुजी रानात जाऊन आले, बार्लीचा चहा प्यायले आणि म्हणाले, "मूळबाधा."

काकांनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो?"

मूळबाधा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. मेलेल्याच्या हाडांना मुळांचा विळखा बसला की तो त्याच जागी वंशजाला दुखतो. कमरेला विळखा असेल तर मुलाची कंबर जाते. गुडघ्याला असेल तर गुडघा.

"आणि मुळं खोबणींत शिरली असतील," गुरुजी म्हणाले, "तर डोळे. एक डोळा गेलाय म्हणजे एका खोबणीतून पार गेलंय. दुसरीत शिरायच्या आत बाहेर काढा. अधिक महिना येतोच आहे."

"आणि डॉक्टरांचे थेंब?" मी विचारलं.

"घालत राहा. थेंबांचं आणि माझं भांडण नाही."

गुरुजींवर माझा विश्वास नव्हता. पण थेंबांवर तरी कुठे होता? मला नवऱ्याचा डोळा हवा होता. तो कोण देतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "थडगं उघडायचं नाही."

काका आठवडाभर येत राहिले. समजावलं, चिडले, शेवटी अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. "अगं, दादाच्या उरावर काटे लावलेस, तीस वर्षं त्याचा मध विकून खाल्लास, आता पोराचे डोळे तरी सोड. तुझं नि त्याचं काय वाकडं होतं एवढं?"

सासूबाई घरात बसून मिरच्यांचे देठ काढत राहिल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. काका बोलले ते परवडलं असं मी बोलले.

"आई, झाड तुम्ही लावलंत. तुमच्या हातानं. नवऱ्याचं काय केलंत ते तुम्हाला माहीत. पण ग्यु-तेक आंधळा झाला तर त्याला हाताला धरून मी फिरवणार आहे, तुम्ही नाही. तुम्ही तोवर वरती जाऊन झोपाल, ह्यांच्याशेजारी."

त्यांनी मान वर केली. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्या घाबरलेल्या दिसल्या, आणि त्या बाईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या शेजारी कोण असेल ते तुला काय माहीत," त्या म्हणाल्या. मग देठांचा ढीग गोळा केला, उठल्या. "अधिकात उघडा. पण बाहेरचं कुणी नको. गुरुजी, मान-दोल आणि आपण. बस."

अधिक महिन्यात आमच्याकडे देव आणि भुतं सुट्टीवर असतात. वरचं बघणारं कुणी नसतं, म्हणून थडगी हलवायची, म्हाताऱ्यांची कफनं शिवून ठेवायची ती याच महिन्यात. त्या वर्षी अधिक आला तो ऐन वसंतात, त्याची अखेर आकाशियाच्या बहराला जाऊन भिडणारी. महिना लागताच काकांनी यांत्रिक करवत आणली आणि त्या सपाट जागेभोवतीची झाडं पाडली. रानाच्या मधोमध टक्कल पडलं. बुंध्यांतून पाणी झिरपत राहिलं. गुरुजींनी दिवस काढला होता तो महिन्याच्या शेवटाचा. तो उजाडेपर्यंत त्या टकलावर गुडघाभर कोंब आले. झाड कापलं की कोंब येतात हे मला लग्नापासून माहीत होतं. पण हे कोंब इकडे-तिकडे नव्हते. बरोबर त्या सपाट जागेवर होते, दाटीवाटीने, आणि सगळ्यांना नवे लाल काटे. काका त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

ठरल्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होतं. उरलेल्या रानाला बहर फुटला होता आणि आमच्याच मधमाश्या वर घोंघावत होत्या. काकांनी आधी डोंगराच्या देवाला दारू आणि सुका मासा ठेवला. मग चारी बाजूंना एकेक कुदळ मारत, "दादा, घर उघडतोय, दचकू नकोस," असं म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. एवढं बडबडणारा माणूस, पण भाऊ तो भाऊ.

माती काळी, भुसभुशीत, लोण्यासारखी निघाली. हातभर गेल्यावर कुदळ चालेना. मुळांची चटई लागली. गुरुजी खाली उतरले, हाताने माती झाडू लागले. मुळं एकमेकांत अशी विणली गेली होती की एखादी मोठी टोपली पुरलेली वाटावी. बारीक मुळांना त्या गाठी होत्या, गुलाबी, जिवंत. गुरुजींनी कोयत्याने वरची वीण उकलली आणि आत हाडं दिसली. शवपेटी नव्हती. कापड नव्हतं.

"पेटी कुठाय?" काकांनी विचारलं.

सासूबाईंनी काठावर पडलेली एक तुटकी मुळी उचलली.

थडगं हलवताना हाडं एका लांब फळीवर पांढरा कागद अंथरून माणसाच्या क्रमाने मांडतात. डोक्याकडून पायाकडे, जशी होती तशी. गुरुजी एकेक हाड काढून पुसत होते आणि काका मांडत होते. ग्यु-तेक काठावर गुडघ्यांवर बसून उजवा डोळा बारीक करून बघत होता. कमरेचं हाड आलं. उजवी मांडी आली. डावी मांडी आली. मग गुरुजींनी आणखी एक डावी मांडी वर दिली. काकांनी ती घेतली, फळीवर कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. मग तिसरी आली. ती आधीच्या दोन्हींपेक्षा आखूड होती.

गुरुजींनी हात थांबवला. त्यांच्या बुटांवर माती चढली होती आणि चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला होता.

"बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "हा एक माणूस नाही."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

काकांच्या हातात ती आखूड मांडी तशीच होती. "वहिनी, काय केलंस तू?"

सासूबाई बसल्या. कापलेल्या बुंध्यावरच बसल्या, आणि जे मला लग्न झाल्यापासून ऐकायला मिळालं नव्हतं ते मिरचीचे देठ काढावेत तसं एकेक करून सांगितलं.

"खताची पोती मिळतील म्हणून सांगत एकजण गावात आला होता. तुझ्या दादाने त्याच्या यादीवर अंगठा दिला. इथल्या मातीत काही पिकत नव्हतं, तू लहान होतास, तुला आठवणार नाही, मान-दोल. पोती आलीच नाहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा ती यादी लाल बावट्यावाल्यांची ठरली आणि अंगठा दिलेल्या सगळ्यांना पोलिसांनी सभेला बोलावलं. तो नवे बूट घालून गेला. सभा पलीकडच्या दरीत झाली. गोळ्यांचे आवाज इथवर आले."

वर माश्या घोंघावत होत्या. 

"दहा वर्षं तिकडे कुणाला फिरकू दिलं नाही. मग एका वसंतात राज्य पडलं आणि आम्ही बायका टोपल्या घेऊन गेलो. कोण कुठला, कळायला काय राहिलं होतं? एका रबरी बुटाला माझा टाका होता, ओळखीसाठी घातलेला, पांढऱ्या दोऱ्याचा. तो सापडला तिथलं हाताला लागलं ते टोपलीत घेतलं. कमी पडू नये म्हणून जास्त घेतलं."

"आणि झाडं?" ग्यु-तेकने विचारलं.

"पुढच्या वर्षी बंदूकवाल्यांचं राज्य आलं. ज्यांनी हाडं आणली त्यांना धरत होते, थडगी उकरून फेकत होते. मी उंचवटा मोडून जमीन सपाट केली. मातीच्या कामाची रोपं पडवीत होतीच." त्यांनी हातातली मुळी उगाच चोळली. "आपल्या माणसावर आकाशिया कोण लावतं? ते टेकडीभर फिरले. या काट्यांत त्यांच्या विजारी फाटल्या, शिव्या देत निघून गेले. पुढे झाडं उपटावीत म्हटलं तर तुझी शाळा होती, मग सैन्यातली भरती होती. अशा बापाचा मुलगा म्हणून कुणी बोट दाखवलं असतं तर? मग म्हटलं, असू दे. पावसात वाहून तरी जाणार नाहीत. मुळांनी धरून ठेवलंय."

काका फळीकडे बघत होते. "मग ह्यातला माझा दादा कुठला?"

"माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी ती मांडी हळूच कागदावर ठेवली, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी, आणि तोंड फिरवून रडले. तीस वर्षं त्यांनी या बाईला टोमणे मारले होते. त्यांतले काही मीही मारले होते.

कवट्या अजून मुळांतच होत्या. दोन होत्या, एकमेकींना टेकलेल्या. गुरुजींनी माती झाडली तेव्हा दिसलं, अंगठ्याएवढं जाड एक मूळ एकीच्या डाव्या खोबणीतून शिरून दुसरीच्या खोबणीतून बाहेर पडलं होतं. गुरुजींचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्यांना त्याचा जराही आनंद झालेला दिसला नाही.

"हेच ते," ते म्हणाले. "हे काढायला हवं. पण नुसतं ओढून निघायचं नाही. दोन्हींच्या मधे करवत घालावी लागेल. हाडं पिचलीत. एक तरी फुटणार." मग म्हणाले, "खरं सांगू? अशी मांडणी मला कुणी शिकवलेली नाही."

ग्यु-तेक खड्ड्यात उतरला. उजव्या डोळ्याला सावलीतलं नीट दिसत नव्हतं म्हणून त्याने हात लावला. एका कपाळावरून बोटं फिरवली, भुवयांच्या हाडावर थांबला, मग तोच हात आपल्या कपाळावरून फिरवला.

"हे माझ्यासारखं आहे," तो म्हणाला.

मग दुसऱ्या कपाळावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हेही."

मी, गुरुजींच्या बुटांना हसणारी मी, कुणाची वाट बघत बसले नाही. हातकरवत उचलली आणि खाली उडी मारली. मला दिसत होतं फक्त ते मूळ. ते डाव्या खोबणीतून निघालं होतं, आता उजवीकडे निघालं होतं, आणि ते तुटलं की सगळं थांबणार होतं. कोण फुटतं याची मला पर्वा नव्हती. सासूबाई वरून म्हणाल्या, "काप." त्या आई होत्या. आम्ही दोघी जन्मात पहिल्यांदा एकमताने बोलत होतो.

करवतीचे दात मुळावर टेकले, तोच ग्यु-तेकने माझं मनगट धरलं.

"सोडा."

"अगं, थांब."

"सोडा म्हणते ना! तुमच्या डोळ्यासाठी करतेय मी."

"कळतंय," तो म्हणाला. मनगट सोडलं नाही. "पण ह्यातला एक माझा बाप असेल. दुसरा दुसऱ्या कुणाचा आहे. मुळाने माझा डोळा जात असेल, तर ह्याची कवटी फुटल्यावर ह्याच्या घरी काय होईल? त्याच्याही घरी पोरं असतील. माझ्याच वयाची."

मी गुरुजींकडे बघितलं. ते असं काही नसतं म्हणाले असते तर मी कापलं असतं. गुरुजींनी मान खाली घातली. आम्ही ज्या समजुतीने थडगं उघडलं होतं तिचाच धागा धरून तो बोलत होता, आणि त्यात खोट काढायला कुणाला जमेना.

करवत माझ्या हातून गळली. मी त्या खड्ड्यात बसून मोठ्याने रडले, आणि तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, जणू जाणारा डोळा माझा होता.

काढलेली हाडं आम्ही परत ठेवली. क्रम लावायचा प्रयत्न कुणी केला नाही. काकांनी स्वतः माती लोटली. शेवटी सासूबाईंनी बाटली घेतली आणि तशीच चहूकडे शिंपडली. त्या दिवशी मला ती रीत कळली.

डोळा गेला. आणखी एक बहर त्याने पाहिला, थेंबांमुळे असेल किंवा कसं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाहिला नाही. स्वप्न मात्र थांबलं नाही. फक्त आता बरेचजण येतात, तो म्हणतो, आणि त्यांना चेहरे असतात. त्याने माझं मनगट धरलं, त्याचा मला राग येतो. अजूनही येतो. बाहेर पेट्या उघडताना तो बोटांनी पोळं चाचपतो आणि माश्या त्याला डसतात, तेव्हा मला ते मूळ आठवतं, आणि करवतीच्या दातांनी त्यावर उमटलेली बारीक पांढरी रेघ आठवते. जरा जोर लावला असता तर? हा विचार मी कुणाला सांगत नाही. चुलीपुढे बसले की तो आपोआप येऊन माझ्याजवळ बसतो.

सासूबाई काही वर्षांनी गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला तिकडे नको. दुसरीकडे पुरा, आणि उंचवटा करा. सगळ्यांना दिसेल असा." तसाच केला आहे. त्यावरचं गवत काका जिवंत होते तोवर काकाच कापायचे.

आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण बातमी कशी फिरते ते बातमीलाच ठाऊक. एका छुसकला आम्ही दोघं रानात शिरलो तर त्या जागेवरचे कोंब कुणीतरी आधीच छाटले होते आणि पानावर पर्सिमनची दोन नारिंगी फळं ठेवली होती, एक वाटी भात होता. पुढच्या वर्षी भाताच्या दोन वाट्या. माणूस कधी दिसलं नाही. आम्ही शोधलंही नाही. आमच्या वाट्या त्यांच्या शेजारी ठेवून आलो.

रान आता म्हातारं झालं आहे. वाऱ्याने एखादं झाड उन्मळून पडतं, आणि त्याच्या जागी आता एखादं ओकचं रोप दिसू लागलं आहे. आकाशियाने केलेल्या मातीत आता दुसऱ्यांना जगता येतं. पण मुळं अजून चालताहेत. या वर्षी मेमध्ये स्वयंपाकघराच्या पायरीपाशी फरशी वर उचलली गेली. मी सकाळी पाणी फेकायला दार उघडलं तर फटीतून बोटभर कोंब बाहेर आला होता. रान इथून चांगलं लांब आहे, मधे मिरचीचा पट्टा आहे, गोठा आहे. एवढं सगळं ओलांडून तो थेट आमच्या दारात आला होता.

मी भिंतीवरचा विळा काढला.

"काय गं?" आतून ग्यु-तेकने विचारलं. विळ्याचा आवाज त्याला कुठूनही ऐकू येतो.

"कोंब आलाय. पायरीत. कापते."

तो चाचपडत दारापर्यंत आला, उंबऱ्यावर बसला, हात खाली सोडला. त्याच्या बोटांना आधी काटा लागला, मग पान. त्याने पान अंगठ्याने हळूच चोळलं, कपाळावरून फिरवला होता तसा अंगठा.

"कापशील," तो म्हणाला. "आधी बघ तरी, कोण आहे."

डोळे मला आहेत. मी विळा हातात धरून खाली वाकले आणि बघितलं. चार कोवळी पानं, दोन लाल काटे, बुडाशी ओली माती. मी बराच वेळ बघत राहिले.

"कोण?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि विळा परत भिंतीला अडकवला.